निराधार कोन हाय

आये, तू गेलीस तवा मी चौथीत हुते, आन् आता माजी शाळा सुटूनबी लई दिस झालं. तुला लिवावं असं कदी मनात आलं न्हवतं. लिवून काय हुनार, तू काय वाचनार हायस व्हय. जिवंत असतानाबी तुला वाचता येत न्हवतं, सही तेवढी गिरवायचीस. पर परवा आपल्या दारात तलाठी भाऊसाहेब आलं हुतं, आन् तितं जे झालं ते सांगायला मला गावात मानूस न्हाय. आजीला तर सांगूच शकत न्हाय, कारन ते तिच्याच तोंडानं झालंय.

तुजं मला काय आठवतं सांगू? युरियाची रिकामी गोनी. तू ती उलटी करून धुवायचीस, वाळवायचीस आन् रेशनला जाताना घडी घालून पदराखाली धरायचीस. जाताना सरळ रस्त्यानं, येताना कॅनॉलच्या कडंनं लांबून. डोक्यावर गोनी, हाताला मी. कुनी वाटंत भेटलं आन् "काय गं, काय आनलंस?" म्हनलं, की तू थांबत न्हवतीस, चालता चालताच म्हनायचीस, "काय न्हाय, कोंबड्यांसाठी जरा." मला वाटायचं आपली आय येडी हाय का काय, आपल्यात कोंबडी कुठं हाय. पर समदा गावच तसं म्हनायचा. उसवाल्या घरातल्या बायकाबी त्याच दुकानात यायच्या, कार्ड त्यांचंबी हुतंच, आन् त्याबी म्हनायच्या कोंबड्यांसाठी. फरक एवडाच की त्यांच्या दारात खरंच कोंबड्या हुत्या, आन् तांदूळ खरंच त्याच खायच्या.

मंग तुज्या मोठ्या जावंनं, माज्या चुलतीनं, तुला गिरणीत धरलं. तू रेशनचा गहू दळायला घेऊन गेल्तीस. बायका रांगंत बसलेल्या. चुलतीनं डब्यात हात घातला, गहू बगितला, आन् समद्यांना ऐकू जाईल असं म्हनली, "अगं, तुज्या कोंबड्या चपाती खात्यात व्हय?" गिरणीवालाबी हसला. तूबी हसलीस. मला ते लई लागलं हुतं, तुजं हसनं. घरी येऊन तू पीठ डब्यात भरलंस, आन् पुढच्या बाजाराला कळंबला गेलीस आन् टोपलीखाली झाकून दोन कोंबड्या घेऊन आलीस. मला चपला आनायच्या हुत्या, त्या राह्यल्या. तवापास्नं रोज सकाळी तू दारात उभी राहून, रस्त्यावरनं दिसंल असं, मूठभर तांदूळ टाकायचीस आन् मोठ्यांदा "या या" करायचीस. घरात तांदूळ तेवडाच. कोंबड्यांचं वाढलं ते तुज्या ताटातनं कमी झालं. एकदा मी अंगनातलं दानं येचून परत डब्यात टाकाया लागले, तर तू माज्या पाठीत रपाटा घातलास. "लोकं बगत्यात की," म्हनलीस. तू मला तेवड्या एकाच येळंला मारलंस, आये. मी मातीतलं दानं खाल्लं म्हनून न्हाय. येचताना दिसले म्हनून.

आप्पा तर तुज्याआधीच गेलेलं. तुला कावीळ झाली, झाडपाल्यात दिस गेलं, आन् मंग तूबी गेलीस. चुलत्याच्या घरनं आजी आपल्यात राह्यला आली. ती माज्यासाठी आली, का तिकडं तिला कुनी ठेवंना म्हनून आली, ते मी कदी इचारलं न्हाय. तिनंबी सांगितलं न्हाय. चुलत्याचं घर आपल्या भिंतीला भिंत लावून, पर त्या भिंतीतनं फोडनीचा वास तेवडा यायचा.

शाळंत सरांनी माजं मदतीचं कागद केलं. आईबाप नसलेल्या पोरांना सरकार काय देतं, ते. सर वाईट न्हवतं, सोता गाडीवर घरी आलं. म्हनलं, पुरावा म्हनून फोटो लागतो. मला दाराम्होरं उभं केलं आन् तुजा भिंतीवरचा फोटू काढून माज्या हातात दिला. "जरा वर धर. आई दिसली पाहिजे. हां, आता हसू नकोस." मी कुठं हसत हुते. सरांनी तो फोटू शाळंच्या ग्रुपवर टाकला, आपल्या शाळंनं काम केलं म्हनून. पोरांच्या घरी घरी गेला तो. दुसऱ्या दिवशी एक पोरगं म्हनतंय, "तुजी आय व्हायरल झाली गं." आन् तवापास्नं माजं नावच पडलं. "ए निराधार, पेन दे." "ए निराधार, सर बोलवत्यात." पोरींनी पन म्हनावं! ज्या माज्या डब्यातलं खायच्या त्यांनी. मला उलटं बोलायला येत न्हाय, तुला म्हाईत हाय. मी खाली बगायचे. नववीत नवीन बाई आल्या, त्यांनी वर्गात इचारलं, "मदत मिळणाऱ्या मुलांनी उभं राहा बरं." मी उठले न्हाय. तर मागच्या बाकावरनं आवाज आला, "बाई, ती बगा की, निराधार बसलीय." बाईंनी चष्म्यातनं माज्याकडं बगितलं आन् म्हनल्या, "अगं, त्यात लाजायचं काय?"

दुसऱ्या दिवशी मी गेले न्हाय. आजी म्हनली उद्या जा. मंग तिनं म्हनायचं सोडलं. लोणी देवकरला कंपनीत इचारलं तर म्हनत्यात दहावी पायजे. आता हंगामात डाळिंबाच्या पॅकिंगला जाते अंथुर्ण्याकडं, हंगाम सरला की घरी. घरी असलं की आजी आन् मी, आन् रेशनचं जे हाय ते. आजीच्या गोळ्या चालू हायत. त्या कवा असत्यात, कवा नसत्यात.

म्हनून दवाखान्यातली आशाताई म्हनली, अगं म्हातारीची निराधारची पेन्शन लाव की, वय झालंय, बसतंय तिचं. मला खिडकीपाशी जाऊन बोलायला जमत न्हाय. इंदापूरला कचेरीत मी उभी राहायचे आन् माज्या मागची मानसं पुढं जायची. शिपाई म्हनायचा, "ए पोरी, तुजं काय?" तवर मी काय म्हनायचं ते इसरलेली असायचे. पर केलं समदं, आये. फोटू, दाखला, आजीचा अंगठा, समदं. एकटीनं. मंग तलाठी चौकशीला आलं.

बसायला खुर्ची चुलत्याच्या घरनंच आनली, आपल्यात कुठनं असनार. खुर्चीसंगं चुलताबी आला, पांढरी इजार, नवी टोपी. चुलती तिच्या उंबऱ्यात. गल्लीतली चार मानसं भिंतीला टेकून. तलाठ्यानं साधंच इचारलं, "आजी, मुलं किती?"

"एक गेला. एक ह्यो हाय."

"हा सांभाळतो का तुम्हाला?"

आजीनं तोंड उघडायच्या आत चुलता बोलला. "भाऊसाहेब, हे काय इचारनं झालं? आईला कोन टाकतं व्हय? माजा ऊस जातो कारखान्याला. माज्या घरातलं मानूस निराधार म्हनून लावून घ्यायचं म्हंजी गावात तोंड कुठं दाखवायचं आमी?"

"तसं नसतं आबा. सांभाळत नसाल तर तसं सांगा, म्हातारीचं काम होईल. मी लिहून घेतो, तुम्ही सही करा."

"म्हंजी आईला बगत न्हाय म्हनून सही करू? पोराला पावनं बगाया येनार हायत माज्या."

चुलती उंबऱ्यातनं म्हनली, "खानं हितं का तितं, घर एकच की. मदी भिंत हाय एवडंच."

"म्हणजे जेवण तुमच्याकडेच?"

"तर! काल मटान हुतं."

मटान हुतं खरं. वास आल्ता. आजीनं मिरचीसंगं भाकरी खाल्ली हुती, तीबी अर्धी, अर्धी माज्यासाठी ठिवून. मी चहाची कपबशी घेऊन उभी हुते, आन् माज्या तोंडातनं निघालं, "न्हाय सांभाळत."

तलाठी म्हनलं, "काय?"

मी कपबशी त्यांच्या हातात दिली. मी परत म्हनलं, "न्हाय सांभाळत ते. आजी माज्याकडं हाय. मी सांभाळते."

चुलता चिडला न्हाय. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला आन् तलाठ्याला म्हनला, "शाळा सोडल्याली पोर हाय. आयबाप न्हायत. तिला काय कळतंय?" भिंतीकडची मानसंबी हसली. तलाठ्यानं पेन आजीकडं केलं. "आजी, तुम्हीच सांगा. खरं काय?"

आजीनं पदर नीट केला. माज्याकडं बगितलंच न्हाय तिनं. तिच्या ल्योकाकडं बगितलं, त्याच्या टोपीकडं, त्या चार मानसांकडं. आन् एकदम ताठ बसून म्हनली, "सांभाळतो की. सोन्यावानी हाय माजा ल्योक. ही पोरगी खोटं बोलती."

तलाठ्यानं तसं लिवलं, अंगठा घेतला. आजीनं एवड्या जोरात अंगठा दाबला की शाई बाजूला पसरली. जाताना तलाठी म्हनलं, चहा चांगला झालाय. संध्याकाळी चुलतीनं वाटीभर कालवन धाडलं, झाकून. आजीनं वाटी पुसून खाल्ली. त्याच्या दुसऱ्या दिवशी काय आलं न्हाय, आजबी न्हाय.

मी इचारलं तिला, "आजे, असं का बोललीस?" तर म्हनती कशी, "मानसांत खाली बगाया लावू व्हय मी त्याला?" आन् मला? मला तिनं ढळढळीत खोटी ठरवली त्याच मानसांत, ते तिच्या ध्यानातबी न्हाय. मला शाळंत निराधार म्हनायचं तवा एक जन म्हनला न्हाय की न्हाय, हिला चुलता हाय, चुलती हाय, घर हाय. आन् ज्या दिवशी तेच नाव कागदावर पायजे हुतं, गोळ्यांसाठी, त्या दिवशी समदं घर आधार हुऊन दारात उभं राह्यलं.

मी चुलत्यावर रागवत न्हाय, आये. तो माजा कदी न्हवताच. आजीवर हाय राग, पर ती म्हातारी हाय, तिच्यावर किती धरायचा. राग तुज्यावर हाय. मी डाळिंबं पुसताना, चूल पेटवताना तुला आजीच्या जाग्यावर बसवून बगितलं. तलाठी इचारतो, आन् तू पदर नीट करतीस, आन् दर येळंला तू बी तेच म्हनतीस. एकदाबी येगळं म्हनली न्हाईस. तू असतीस तर त्या दिवशी मला खोटी ठरवायला दोघी असत्या.

आशाताई म्हनती सा म्हैन्यांनी परत अर्ज करता येतो. आजी म्हनती तिचा अंगठा ती देनार न्हाय. बगू. तवर गोळ्यांचं मी बगते.

हे धाडायचं तर कुठं, पत्ता न्हाय तुला. पर एक सांगते, कुनाला सांगितलं न्हाय. तलाठी "काय?" म्हनलं तवा मला वाटलं आता पळावं. पर परत बोलले, आन् माजा आवाज भिंतीपतोर गेला, त्या चार मानसांनी माना वळवल्या. आजीची पेन्शन बुडली. आन् मला, आये, तो आवाज आवडला.