वाटीभर लगदा

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे हाताचे दंड भरायचा आहार सुरू केला. शी! याला अन्न म्हणतात? अंडी, डाळ, बटाटा, दही मिक्सरमधून काढलं की करडा, गिळगिळीत लगदा होतो. मीठ नावालाही नाही. पहिला घास घशात अडकला, दुसरा परत आला. व्यायामशाळेतला उस्ताद म्हणतो, कच्ची अंडी पी. त्याच्या मिशीला लागलेला बलक बघूनच मला मळमळलं.

पण माघार नाही. बाबांना सांभाळणारी बाई मार्चअखेर काम सोडतेय, आणि तुझी अट मला पाठ आहे. मी एकट्याने त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवू शकलो तरच ते घरी राहतील, नाहीतर तुमच्याकडच्या शुश्रूषागृहात. मी घड्याळं दुरुस्त करणारा, आयुष्यात चिमट्याहून जड काही उचललेलं नाही. तरी बाबांना मी कुठे जाऊ देणार नाही.

रागाव हवं तर, पण पत्र लिही.
तुझा,
काडी


९ जानेवारी

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या तुझं पत्र वाचलं. आधी हसले, मग डोकंच फिरलं. अरे गाढवा, 'बाबांचंच जेवण, पण दुप्पट' असं लिहिलं म्हणजे तेच जिन्नस घे! त्यांच्यासारखं वाटून बिनमिठाचं खा असं कोण म्हणालं? बत्तीस दात काय शोभेला आहेत? अंडी नीट उकड, वर मिरपूड आणि लिंबू. डाळीत लसूण परतून घाल. रोज मासा किंवा कडधान्य, दही आणि सोबत पोटभर भात किंवा बटाटा. नुसती अंडी खाऊन दंड येत नाहीत. वजनं हळूहळू वाढव, मध्ये विश्रांती घे. कच्ची अंडी त्या उस्तादालाच पिऊ दे.

आणि मला राक्षसीण समजू नकोस. उद्या तुझीच कंबर मोडली तर दोघांना कोण बघणार?

जपून राहा, आणि चावून खा.
तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा आणि मी शेजारी बसून लगदाच गिळत होतो. मी माझी वाटी मोरीत ओतली आणि अंडं कापून त्यावर मिरपूड टाकली. बाबा माझ्या ताटलीकडे बघत राहिले. ताई, मला किळस आली, आपल्या सगळ्यांची. पक्षाघातानंतर त्यांना इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी काही आठवडेच वाटलेलं द्या म्हणून सांगितलं होतं. त्याला दीड वर्ष झालं! त्यांना बोलता येत नाही, म्हणून चवही कळत नसेल असं आपण धरून चाललो.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गिळणं तपासलं आणि मऊ उकडलेलं, लहान घासांनी, बसवून द्यायला सांगितलं. पायांचे व्यायामही दिलेत. बाबांनी दह्यात कालवलेलं अंडं खाल्लं, आणि ताटली माझ्याकडे सरकवली. अजून हवं होतं त्यांना.

पुढचं कळवीनच.
तुझा,
काडी


२१ जानेवारी

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद.

वाटलेल्या जेवणाच्या वाट्या मी रोज ढिगाने भरते, पण एकही कधी चाखली नव्हती. आज चाखली, आणि थुंकले. डाएटच्या बाईंना जाऊन सांगितलं की यापुढे प्रत्येक वाटी आधी तुम्ही चाखायची. त्या तोंड वाकडं करून गेल्या.

अट मात्र तशीच आहे. मला खोटं लिहू नकोस.

बाबांना नमस्कार सांग.
तुझी,
ताई


१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांची बाई काल काम सोडून गेली. आज सकाळी घरात मी एकटाच. माझे दंड थोडे भरलेत, शर्ट बाहीला घट्ट होतो. बाबांच्या काखेत हात घातले, जोर लावला. पण खाऊन खाऊन बाबाही भरलेत ना! जागचे हलेनात. पुन्हा केलं, नाहीच. खरं लिहायला सांगितलंस म्हणून लिहितो, मला जमलं नाही. इतके दिवस खाऊन वजनं उचलली ती कशासाठी, असं वाटून स्वतःचीच शिसारी आली. मी हात सोडले आणि पलंगाच्या कडेवर बसून रडलो.

तेवढ्यात बाबांनी माझा खांदा धरला, पाय जमिनीवर रोवले आणि उठले. थरथरत, सगळा भार माझ्यावर टाकून, पण उठले! खुर्ची हाताशीच होती. तिच्यात बसले.

तेव्हा तुझी अट मला पुरी करता आली नाही. बाबांना कुठे ठेवायचं ते आता तूच येऊन त्यांना विचार. ते उभे राहून ऐकतील.

वाट बघतो.
तुझा,
काडी