टेकडीखालचे पापुद्रे

वुलनगाँग,
४ मार्च २०१७

ती. बाबांस,
थियाचा सा. न. वि. वि.

मुरंब्याच्या दोन्ही बरण्या न फुटता पोचल्या. क्वांडाँगच्या आंबट फळांना आई घालायची तेवढी साखर तुम्ही घालत नाही, हे पहिल्याच चमच्याला कळलं. तरी एक बरणी संपली. फोन करायचा तर रेंजसाठी तुम्हाला आपल्या टेकडीवर चढावं लागतं, आणि एवढं चढून तुम्ही ‘ठीक आहे’ नि ‘पाऊस नाही’ एवढंच बोलता. त्यापेक्षा पत्र बरं.

एवढं शिकून मी दिवसभर करते काय, असं विचारलंत. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट असतं ना, ते खारी बिस्किटासारखं असतं, पापुद्र्यावर पापुद्रा. साबणाच्या पाण्यात टाकून ते मी मिक्सरमध्ये घुसळते. जाड गाळ खाली बसतो आणि वर काळं पाणी उरतं. त्यात एकेक सुटा पापुद्रा तरंगत असतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. आमचे प्रोफेसर इस्मे यांनी मेलबर्नच्या एका बॅटरी कंपनीला त्याचा नमुना कबूल केला आहे. तो पास झाला तर माझी नोकरी पक्की.

गंमत म्हणजे ग्रॅफाइट आपल्या शेजारच्या व्हर्नकाकांच्या कुंपणापलीकडच्या खड्ड्यातलं आहे. रेडिओवर मी ते सांगितलंसुद्धा, की आपल्या टेकडीशेजारचं मूठभर ग्रॅफाइट नीट सोललं तर फुटबॉलचं अख्खं मैदान झाकेल. ऐकलंत का?

बोसन कुत्र्याला माझ्या वतीने थोपटा. माया आहेच, ती आटू देऊ नये.

तुमची,
थिया


टेकडीचं शेत, पोर्ट लिंकनजवळ,
१५ मार्च

चि. थिया हिस अनेक आशीर्वाद.

रेडिओ ऐकला. मी एकट्याने नव्हे, दुकानात उभ्या असलेल्या साऱ्या गावाने ऐकला. आठवड्याच्या आत खाणकंपनीने हॉलमध्ये सभा घेतली. चकचकीत बूट घातलेल्या एका माणसाने भिंतीवर नकाशा लावला आणि तुझं मैदान आम्हालाच ऐकवलं, तुझ्या नावासकट. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा लॅमिंग्टन केक खात होतो, तो घशातच अडकला. खाणीचे पैसे मिळणार म्हणून व्हर्नने म्हणे बोटीचा रंगही ठरवला आहे. बोट अजून घ्यायची आहे.

नकाशावर लाल रंगात होती ती आपली टेकडी, तुझ्या आईच्या क्वांडाँगच्या रांगेसकट. मेलबर्नवाले माल घेणार असतील तरच खाण होईल, असं कंपनी म्हणते. तेव्हा हिशेब सरळ आहे. तुझ्या नमुन्याची बरणी पास झाली की माझी टेकडी गेली. तू मनाला लावून घेऊ नकोस, काम नीट कर.

तिकडे भाड्याच्या घरात कुत्रं ठेवू देतात का? आपलं सहज विचारलं.

जेवत जा. म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

तुझा,
बाबा


वुलनगाँग,
२ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून मिक्सर लावताना हात जड होतो. आणि माझं नशीब असं, की इतकी सुरेख बरणी आजवर कधी जमली नव्हती.

पण कुरियरवाल्याने ती न्यायला नकार दिला. मागच्या खेपेला आमचं काळं पाणी सांडलं आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पांढऱ्या झग्याची वाट लागली. इस्मेसाहेबांनी लगेच तोडगा काढला. पाणी आटवा, पूड पाठवा, तिकडे ते पुन्हा पाणी घालतील. जसं काही सूपचं पाकीटच! बाबा, हे सुटे पापुद्रे वाळले ना, की एकमेकांना असे चिकटतात की मग काही केल्या सुटत नाहीत. वाळवलं की संपलं, पुन्हा होतं ते ग्रॅफाइट.

हे साहेबांना सांगणं माझं काम आहे. बरणी गाडीत घालून मी स्वतः मेलबर्नला नेऊ शकते. पण मी गप्पच बसले तर? नमुना नापास, खाण रद्द, टेकडी शाबूत. नोकरी गेली तर जाऊ दे. खोटं काही बोलायचं नाही, नुसतं तोंड मिटून बसायचं. ईस्टरच्या सुट्टीनंतर पूड करायची आहे. तुम्ही सांगाल तसं करीन. तुमच्याशिवाय विचारायला मला आहे कोण?

उत्तर लवकर धाडा, माया आहेच.

तुमची,
थिया


टेकडीचं शेत,
८ एप्रिल

चि. थिया हिस आशीर्वाद.

राग आला आहे, तो आधी लिहून टाकतो. माझ्या नावाखाली स्वतःचं काम बिघडवणारी मुलगी मला नको. तुझ्या आईचा मुरंबा करपला तर ती शेजारणींना स्वतः जाऊन सांगायची, वर करपलेलाच खायलाही घालायची. साहेबाला सांग. ऐकलं नाही तर सगळ्यांसमोर सांग, मोठ्याने. टेकडीचं काय ते मी बघीन.

संपला राग. पेरणीला पाऊस नाही. व्हर्नच्या बायकोने बोटीचा रंग बदलला. जेवणाचं टेबल सहा माणसांचं आहे, त्यावर मी पेपर पसरतो आणि उरलेल्या कोपऱ्यात जेवतो. तुझ्या घरापासून समुद्र चालत किती लांब आहे? आणि कुत्र्याचं तू काही लिहिलं नाहीस.

रागावलो म्हणून लोभ कमी झाला असं समजू नये.

तुझा,
बाबा


वुलनगाँग,
२० मे

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. सगळ्यांसमोर सांगितलं, मोठ्याने. बरणी मी स्वतः नेते म्हणाले. इस्मेसाहेब हसले, थिया जरा जास्तच काळजी करते म्हणाले आणि पूड रवाना केली.

आता निकाल ऐका, पण खुर्चीत बसून. मेलबर्नवाल्यांनी पूड पाण्यात घातली, ढवळली, तपासली. सुटा पापुद्रा औषधालाही सापडला नाही. त्यांनी कळवलं की हे निव्वळ ग्रॅफाइट आहे, पण इतकं स्वच्छ ग्रॅफाइट आम्ही पाहिलं नव्हतं. आम्हाला हेच हवं, टनांनी हवं, आणि कृपा करून घुसळू नका! इस्मेसाहेबांनी केक कापला. जे झालं तेच आपल्याला करायचं होतं, असं ते आता सगळ्यांना सांगतात. बक्षीस म्हणून माझी नोकरी पक्की केली.

म्हणजे बरणी नापास झाली आणि टेकडी तरीही चालली. मी केक खाल्ला नाही, घरी येऊन रडले. असली नोकरी मला नको. महिनाअखेरीला राजीनामा देते आणि निघते, खाणवाल्यांशी आपण दोघं भांडू. तोवर टेकडीच्या कागदांवर सही करू नका, तुम्हाला माझी शपथ आहे.

भेटीत सगळं बोलू, तोवर माया असू द्या.

तुमची,
थिया


टेकडीचं शेत,
२५ मे

चि. थिया हिस आशीर्वाद.

राजीनामा देऊ नकोस. हेच ओरडून सांगायला काल टेकडीवर चढलो होतो, तू फोन उचलला नाहीस. निदान मशीनवर ठेवलेला निरोप ऐकला असशील.

सही मी तुझी शपथ पोचायच्या आधीच केली होती. कुणी हात पिरगाळला नाही. तुझी आई गेल्यापासून ही टेकडी मी तुझ्यासाठी राखत होतो, कारण तू दर पत्रात ‘आपली टेकडी’ लिहायचीस. मला वाटायचं तुला ती हवी आहे. तुला वाटायचं मला हवी आहे. मला इथे एकट्याला करमत नाही, थिया. हे फोनवर सांगायला कितीदा तरी टेकडी चढलो आणि पाऊस नाही एवढंच सांगून उतरलो.

क्वांडाँगची झाडं हलवता येत नाहीत, शेजारच्या झाडांच्या मुळांवर जगतात ती. त्यांचं मला फार वाईट वाटतं. मुरंब्याच्या वेळी काढलेल्या बिया डब्यात आहेत, त्या घेऊन येतो. चकचकीत बूटवाल्याला शेवटची बरणी दिली. आंबट आहे म्हणाला.

तुझे ते पापुद्रे वाळले की एकमेकांना चिकटतात आणि मग काही केल्या सुटत नाहीत, असं तू लिहिलंस. तुझ्या साहेबाला ते पटलं नाही. मला वाचताक्षणी पटलं. मेंढरं विकली की जुलैत तुझ्याकडे राहायला निघतो. घर मोठं नसलं तरी चालेल.

लोभ आहे तसाच आहे, फक्त यापुढे तो तिकीट लावून पाठवावा लागणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. – कुत्र्याचं मी मार्चपासून विचारतो आहे.