हिमानीने न केलेली सही

पांढुर्णा, १२ जून २०२५

चि. हिमानीस,
आशीर्वाद देतो, पण हसत हसत. फोनवर तू ऐकत नाहीस, म्हणून लिहून राहिलो. एम.एस्सी. होऊन सौंसरजवळच्या बोरगावच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या बॅटऱ्या तपासते म्हणे! सावरगावच्या मामांनी विचारलं, पोरगी काय करते. मी म्हटलं, डबे भरते अन् रिकामे करते. सारे खदखदून हसले. सोड ते, बी.एड. कर.
तुझा शहाणा दादा,
गजेंद्र

सौंसर, २ जुलै

ती. दादास नमस्कार, हसणाऱ्या मामांनाही.
डबेच भरते मी. आमच्या बॅटरीत ॲसिड नाही, पेटणारं काही नाही, नुसतं खारं पाणी. इथवर सारं छान. पण आतली जस्ताची पट्टी बॅटरी वापरताना थोडी विरघळते अन् चार्जिंगला ते जस्त परत बसताना सपाट बसत नाही. तिच्यावर बाभळीसारखे काटे येतात. एखादा काटा मधला पडदा फोडून पलीकडे पोचला की बॅटरी मेली. शिवाय पाणीच पट्टीला खातं, गॅस होतो, डबा फुगतो.
आमचे संदीप साहेब, म्हणजे टाय लावलेला भोपळा, म्हणतात, सुरुवातीच्या चार्जिंगचेच चांगले आकडे दाखव, नंतरचे कशाला? अन् या बॅटऱ्या आरोग्य केंद्रांत लसींच्या फ्रिजला लागणार! मी तसल्या अहवालावर सही केली नाही. खरे आकडे माल विकत घेणाऱ्यांना पाठवले. आज गेटवरच ओळखपत्र काढून घेतलं. आईला सांगू नको. तुला मात्र हसायला आयतं मिळालं.
तुझी बिनकामाची बहीण,
हिमानी

पांढुर्णा, ९ जुलै

चि. हिमानीस,
काल तुझे साहेब मिठाई घेऊन घरी आले. म्हणाले, घेणाऱ्यांनी माल अडवला. तपासताना चूक झाली एवढं बहिणीकडून लिहून घ्या, नोकरी परत देतो. वरून म्हणाले, पोरींना कारखान्यातलं काय कळतं! आईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. मी विचारलं, तुमच्या घरच्या लेकराची लस या बॅटरीवर ठेवाल काय? गडी घड्याळ पाहू लागला. मग सुनावलं की, हिमानीवर हसायचा हक्क आमचा, तुमच्यासारख्या लबाडाचा नाही. अन् त्यांचीच मिठाई त्यांच्या हातात देऊन बाहेर काढलं.
आईला सारं समजलं. रडली नाही. तुला घ्यायला तीच निघाली आहे. हे पत्र तिच्याच हाती देतो. तिला वाचून दाखव. मिठाईचं दोनदा वाच, तिला फार आवडलं ते.
लोभ मागत नाही, घरी ये.
दादा