ओव्याची पट्टी

रविवार, संध्याकाळ. बेसा.

श्रीखंडाच्या डब्याच्या पट्ट्या कापून कुंड्यांना नावं लावायची, ही कल्पना माझ्या बायकोची, सुमनची. झाड मेलं की स्पिरिटनं नाव पुसायचं, नवं लिहायचं. ती उन्हाळ्यात गेली, मागोमाग तिचा ओवाही. आज पुदिन्यासाठी त्याची पट्टी पुसली. शाई गेली, पण सुमन बॉलपेन दाबून लिहायची, ‘ओवा’ कोरलेलाच राहिला. पुन्हा पुसली. का? तेही जातं की काय, म्हणून घाबरलो होतो का? बोट फिरवलं की अक्षरं लागतातच. वीस वर्षं पेपरात लोकांना टोचेल असं लिहितोय, पण इतकं खोल एकही अक्षर गेलं नाही.

पट्टी परत ओव्याच्याच रिकाम्या कुंडीत खोचली, वर पाणी घातलं. शेजारच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, “काहून जी भाऊजी, नुसत्या मातीले पाणी देऊन राहिले?”

“ओवा हाये, वहिनी. दिसून नाही राहिला, इतकंच.”