फळ्यावरची गुहा

आई, काल मी ती गुहा बघून आले. किनाऱ्यापासून होडीनं अर्धा तास. बेट एवढंसं, आपल्या पेडगावच्या गायरानाएवढंही नसेल. "ओहोटी आहे तोवरच आत जाता येतं," असं म्हणत होडीवाल्यानं आम्हा सगळ्यांना वाकायला लावलं आणि होडी आत घेतली. तू फळ्यावर काढायचीस ती गुहा आतून काळी असायची. तशी नाही गं. खालचं पाणी हिरवं उजळतं आणि तो उजेड छतावर हलत राहतो.

मी पाचवीत होते. माझा वर्ग सुटला की तुझ्या नववीच्या वर्गाच्या दारात येऊन बसायचे. लाटेनं भेगेत कोंडलेली हवा खडक कशी फोडते, हे तू एकदा शिकवत होतीस. मागच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "बाई, तुमी बघितलाय का समुद्र?" वर्ग हसला, तूही हसलीस. "नाही गं. सहलीला जाऊ तेव्हा तुमच्यासंगंच बघीन." मग खरंच कोकणची सहल ठरली. तू कापडी बूट आणलेस, साडीखाली घालून अंगणात चालून बघितलेस. चार दिवस मी काकूकडं राहायचं होतं. निघायच्या सकाळी एसटी शाळेसमोर उभी, आणि मी तुझा पदर धरला. "आई, पोट लय दुखायलंय." सहलीचे सर म्हणाले, "बाई, काकू आहेत की. चला तुम्ही." तू माझ्या पोटावर हात ठेवलास, क्षणभर थांबलीस, आणि गाडीत चढून आपली पिशवी खाली घेऊन आलीस. दुपारी तुला मी चिंचा खाताना दिसले. एक धपाटा तरी घालायचा होतास.

पोरं परत आली तेव्हा तू त्याच पोरीला फळ्यापाशी उभं केलंस आणि स्वतः बाकावर बसलीस. "आत आवाज कसा येतो गं?" "आभाळ गडगडल्यावाणी, बाई." तू डोळे मिटून ऐकतेयस, मी दारातून बघतेय. पुढच्या वर्षीची सहल वेरूळला गेली. पुढं बऱ्याच वर्षांनी तुझं दुखणं सुरू झालं. तरी त्याआधी मला नोकरी लागून पाच वर्षं झाली होती, तुला सहज नेता आलं असतं. नेलं नाही, कारण नेलं असतं तर त्या सकाळबद्दल बोलावं लागलं असतं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मी अजून ते बोललेले नव्हते.

काल गुहेत लेक मला बिलगून बसली होती. "आई, आजीनं बघितली होती का गं ही?" होडीतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "हो."

हे पत्र वहीतच राहील. तिला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.