वाचून केलेली सही

अहो,

सोलापूरला दवाखान्यात आहे. साखरेच्या आजारानं पायाचं बोट काळं पडलंय, ते काढायचं म्हणतात. सही मीच अडवून धरलीय. तुम्हाला ऑपरेशनला आत नेताना माझा कागदावर अंगठा घेतला, काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही, आणि तुम्ही परत आला नाहीत. अक्षर मी त्यानंतर शिकले.

इथं नर्सिंग शिकणारी प्रतीक्षा म्हणून करमाळ्याकडची पोरगी आहे. माझा पाय धुते, पट्टी बदलते, वेणी घालते. इतकं गोड कुणी उगाच वागत नाही. सहीसाठी डॉक्टरांनीच तिला माझ्यामागं लावलं असणार.

काल तोंडावरच विचारलं, "मार्कासाठी करतीस न्हवं?"

"व्हय की आजी. पट्टीला धा मार्क हायत. वेणीला एक बी न्हाई," म्हणाली आणि हसली.

आज सहीचा कागद तिनंच आणला. मनात म्हटलं, आली मुद्द्यावर. पण तिनं कागद दिला आणि पेन आपल्याच खिशात ठेवलं.

"आदी सगळं वाचा. अडलं तर इचारा."

मी एकेक ओळ लावून वाचत होते. मोठ्या सिस्टर तिच्यावर दोनदा ओरडल्या. पोरगी माझ्याजवळून उठली नाही. "आजी वाचत्यात," एवढंच बोलली.

शेवटची ओळ झाल्यावर पेन मीच मागितलं.

उद्या बोट काढतील. पोरीवर माझा अजून पुरता विश्वास नाही. तरी आत नेताना तिनंच बरोबर यावं, असं सिस्टरांना सांगून ठेवलंय.

तुमची,
बजाबाई