सुमीचा हरवलेला ठोकळा

सांगली, मंगळवार, १९४६

नव्या कुसुमबाईंनी बालवर्गासाठी सुताराकडून लाकडी ठोकळे करून आणले आणि माझी सुमी त्या बाईंचीच झाली. मी त्याच शाळेत पहिलीला शिकवते. घरी बेरीज शिकवायला बसवलं की ही रडते. मग तिथे कशी खिदळते?

आज मधल्या सुट्टीत मी त्यातला एक ठोकळा पदराखाली लपवला. का? मत्सर, दुसरं काय!

सुट्टीनंतर मी बालवर्गाच्या दारातच घुटमळले. सुमीने पाच-पाच ठोकळ्यांच्या रांगा लावल्या आणि म्हणाली, "बाई, या रांगेत चारच आहेत. एक हरवला."

सगळी मुलं शोधू लागली. शेवटी मीच ठोकळा पुढे केला. "मी घेतला होता."

कुसुमबाईंनी तो रांगेत ठेवला. सुमी सरकून म्हणाली, "आई, बस. तुला शिकवते."

बसले. कुसुमबाईंचा राग मात्र अजून येतोय.